प्रिंट सर्व्हरचा आयपी बसवताना या चुका टाळा

कोल्हापुरात उद्यमनगरातलं वर्कशॉप असो नाहीतर लक्ष्मीपुरीतली पेढी, फोन आला की वाक्य ठरलेलं: "भाऊ, प्रिंट सर्व्हर गेलाय, येताना नवीनच घेऊन या." प्रिंट सर्व्हर म्हणजे प्रिंटरला नेटवर्कशी जोडणारा छोटा डबा. तो बहुतेक वेळा ठणठणीत असतो, त्याचा नेटवर्कवरचा पत्ता, म्हणजे आयपी, चुकलेला असतो.

सगळ्यात जास्त छळणारी चूक म्हणजे राउटरला न विचारता हाताने आयपी टाकणं. उद्यमनगरातल्या एका कारखान्यात कुणीतरी प्रिंट सर्व्हरला १९२.१६८.१.२० दिला होता. राउटर मात्र २ पासून २५४ पर्यंतचे सगळे आकडे वाटायला मोकळा. दिवसा चलनं अडकायची, रात्रपाळीला सुरळीत निघायची. डबा बंद-चालू केला की अर्धा तास चालायचं, मग पुन्हा तेच. महिनाभर त्यांनी बंद-चालू करण्यावरच काढला, दोन केबली बदलल्या, प्रिंटरही दुरुस्तीला पाठवून झाला.

मी गेलो आणि प्रिंट सर्व्हरची वायरच उपटली. तरी २० नंबरवर पिंगला (पत्त्यावर कुणी आहे का, अशी कॉम्प्युटरने मारलेली हाक) उत्तर येतच होतं! मग एआरपीचा तक्ता काढला, म्हणजे कोणता आयपी कोणत्या यंत्राकडे आहे त्याची कॉम्प्युटरमधली यादी. त्यातला मॅक पत्ता, म्हणजे यंत्राच्या नेटवर्क कार्डाचा स्वतःचा नंबर, डब्याखालच्या लेबलशी जुळेना. तो होता डिस्पॅचच्या पोराच्या मोबाइलचा. राउटर इन्व्हर्टरवर, प्रिंट सर्व्हर साध्या लाइनवर. लाइट गेली, डबा बंद पडला, तेवढ्यात राउटरने २० नंबर रिकामा समजून मोबाइलला देऊन टाकला. पोरगं संध्याकाळी घरी गेलं की एका नंबरवरून चाललेलं दोघांचं भांडण मिटायचं. आणि रीस्टार्टने बरं का वाटायचं? डबा उठताना "२० मीच" असं ओरडतो, कॉम्प्युटर थोडा वेळ त्याचं ऐकतात. म्हणून रीस्टार्टला मी इलाज मानत नाही, त्याने दुखणं नुसतं झाकलं जातं.

माझी सवय अशी: राउटरचा वाटप-पट्टा १०० ते २०० एवढाच ठेवायचा, प्रिंटर, प्रिंट सर्व्हर, सीसीटीव्हीचा डीव्हीआर ही मंडळी ५० च्या आत. राउटरमध्ये मॅक पत्त्यावर आयपी राखून ठेवता येत असेल तर ते त्याहून उत्तम, कारण हिशोब एकाच ठिकाणी राहतो.

दुसरी चूक शून्यांची. काही जुन्या प्रिंट सर्व्हरच्या कागदावर पत्ता १९२.१६८.००१.०२० असा छापून येतो. नवशिका तो तसाच पिंगला देतो. विंडोज पुढे शून्य दिसलं की आकडा अष्टमान, म्हणजे दहाऐवजी आठाच्या पायाचा, धरतं आणि ०२० चे १६ करतं. हाक भलत्याच दारात जाते आणि निदान होतं "डबा मेला." पुढची शून्यं गाळूनच टाइप करा.

१६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर तो कुणी दिलेला नसतो. डीएचसीपीकडून, म्हणजे राउटरमधल्या आयपी वाटणाऱ्या सोयीकडून, उत्तर आलं नाही म्हणून यंत्राने स्वतःच घेतलेला असतो. आधी केबल आणि स्विचचा दिवा बघा. एचपीच्या जुन्या जेटडायरेक्ट प्रिंट सर्व्हरवर १९२.०.०.१९२ दिसला तर तो कारखान्यातून आलेला मूळ पत्ता. अशा वेळी लॅपटॉप थेट केबलने जोडून त्याला तात्पुरता १९२.०.०.१९३ द्या आणि ब्राउझरमधून डब्याच्या सेटिंगच्या पानावर जाऊन पत्ता बदला.

इंटरनेटवाल्याने राउटर बदलला आणि १९२.१६८.१ चं १९२.१६८.० झालं, तर हाताने बसवलेली सगळी यंत्रं एकदम गप्प होतात. प्रत्येकाला नवा पत्ता देत बसू नका, नव्या राउटरलाच जुना पट्टा द्या.

सबनेट मास्क (पत्त्याचा कोणता भाग नेटवर्कचा, ते सांगणारा आकडा) सगळीकडे सारखाच हवा.

आता विंडोज. डब्याचा आयपी बदलला, पण प्रिंटर प्रॉपर्टीजमधलं पोर्ट, म्हणजे छपाई कुठे पाठवायची ती नोंद, जुन्याच पत्त्यावर, हे मी दर आठवड्याला बघतो. शिवाय घाईतली माणसं "अॅड प्रिंटर"मध्ये आपोआप सापडेल ते दाबतात आणि डब्ल्यूएसडी पोर्ट, म्हणजे विंडोजने स्वतःच शोधून बनवलेलं पोर्ट, गळ्यात पडतं. मी ते ठेवत नाही. स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट, प्रोटोकॉल रॉ, पोर्ट नंबर ९१०० असं स्वतः भरतो. तीन प्रिंटर घेणारा जेटडायरेक्ट डबा असेल तर दुसऱ्याला ९१०१, तिसऱ्याला ९१०२. प्रिंट निघतेय तरी "ऑफलाइन" दिसत असेल, तर त्याच पोर्टमधली एसएनएमपीची (प्रिंटरची स्थिती विचारणारी सोय) खूण काढून बघा.

काम झालं की आयपी, मॅक आणि तारीख चिकटपट्टीवर लिहून डब्याला लावतो. मग मेन स्विच पाडून, इन्व्हर्टरसकट सगळं पाच मिनिटं बंद ठेवतो. मालक घड्याळ बघतात, पण चालू केल्यावर प्रत्येक टेबलावरून एकेक पान निघाल्याशिवाय मी बिल करत नाही.