पूर ओसरला की आधी फावडं, मग फवारणी

वादळं किनाऱ्यावर येतात, आपण घाटमाथ्याच्या अलीकडे, असं नाशिकच्या निफाड-दिंडोरीकडे अजूनही ऐकू येतं. पण २०२१ च्या सप्टेंबरअखेर गुलाब चक्रीवादळ बंगालच्या उपसागरातून आलं आणि त्याचं उरलेलं कमी दाबाचं क्षेत्र मराठवाडा बुडवत महाराष्ट्र ओलांडून अरबी समुद्रापर्यंत गेलं. २०१९ च्या ऑक्टोबरात अरबी समुद्रात क्यार होतं, त्या वेळच्या पावसाने फुलोऱ्यातल्या बागांचं काय केलं ते द्राक्षवाल्यांना सांगायला नको.

त्यामुळे सप्टेंबर-ऑक्टोबरात फक्त आपल्या शिवारातला पाऊस पाहून भागत नाही. त्र्यंबकेश्वर-इगतपुरीत कोसळलं की गंगापूर आणि दारणा धरणांतून विसर्ग वाढतो, कादवा नदीही भरते आणि सगळं पाणी नांदूरमध्यमेश्वर बंधाऱ्याला येऊन तुंबतं. गोदाकाठच्या चांदोरी-सायखेड्यात ऊन पडलेलं असतानाही पाणी घरात शिरू शकतं. विसर्गाचा आकडा चढू लागला की नदीकाठची मोटर, स्टार्टर, केबल दिवसाउजेडी वर काढा. वीज बंद केल्याची खात्री करूनच.

पाणी उतरल्यावर पहिला फोन बहुतेकांचा औषध दुकानात जातो. थांबा. काळ्या जमिनीत पाणी साचलं की मातीतली हवा संपते, पांढरी मुळी कुजते आणि पान पिवळं पडतं. मुळी बंद असताना वरून टॉनिक देणं म्हणजे पैसे पाण्यात. आधी उताराच्या बाजूने चर काढा, बांध फोडावा लागला तरी शेजाऱ्याला सांगून फोडा. ट्रॅक्टर आत घालू नका, ओल्या मातीत चाकाखाली जमीन दाबली जाते आणि ती पुढे वर्षभर त्रास देते. वाफसा आल्यावर (माती चिकटणार नाही इतकीच ओल राहिल्यावर) हलकी कोळपणी, नंतरच खत.

एक काम मात्र चर काढण्याच्याही आधी करायचं. बुडालेल्या पिकाचे तारीख आणि ठिकाण दिसेल असे फोटो काढा. ३३ टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान असेल तर शासकीय मदतीसाठी पंचनामा लागतो. तलाठी, कृषी सहायकाला लगेच कळवा. ई-पीक पाहणी (ॲपवर पिकाची नोंद) राहिली असेल आणि मुदत असेल तर आजच उरका. विमा असल्यास कोणत्या नुकसानीला संरक्षण आहे, कळवायची मुदत किती, हे पावती काढून वाचा.

द्राक्षाची गोडी छाटणी (फळासाठीची छाटणी) झाली नसेल तर चार दिवस थांबायला काही हरकत नाही. दर चांगला मिळेल म्हणून ढगाळ हवेत कात्री चालवणारे बरेच असतात, पण पोंगा (डोळा फुटून निघालेला कोंब) ते पाच पानांच्या अवस्थेत पाऊस लागला की डाऊनी हा बुरशीचा रोग घडावरच बसतो. छाटणी झालेली असेल आणि ट्रॅक्टरचा फवारणी ब्लोअर आत जात नसेल, तर दोन सरींमधल्या उघडिपीत पाठीवरच्या पंपाने फवारा किंवा शिफारशीतल्या बुरशीनाशकाची धुरळणी करा. चार औषधं एका टाकीत कालवू नका. निर्यातीचा माल असेल तर काढणीपूर्व कालावधी (शेवटची फवारणी ते काढणी यांतलं अंतर) आत्ताच वहीत लिहा.

शेतातल्या लाल कांद्याला करपा आणि पीळ (पात पिळवटणारा रोग) पडतो का, रोज बघा. उन्हाळ कांद्याचं रोप सपाट वाफ्यात टाकायची चूक या हवेत नको. १ मीटर रुंद, १५ सेंटीमीटर उंच गादीवाफा करा आणि बियाण्याला बीजप्रक्रिया करा. रोप मेलं तर बियाणं दुसऱ्यांदा घ्यावं लागतं, आणि तोवर गावातलं चांगलं बियाणं संपलेलं असतं.

सोयाबीनची ओली सुडी (कापलेल्या पिकाचा ढीग) झाकून ठेवली की आतून तापते. उघडीप मिळताच पसरा. बुरशी आलेली मक्याची कणसं वेगळी काढा, जनावरांनाही घालू नका.

विहिरीत पुराचं पाणी शिरलं असेल तर गाळ बसल्यावर उपसा करा, नंतर दर हजार लिटरला अडीच ग्रॅम ब्लीचिंग पावडर टाका. तोपर्यंत प्यायचं पाणी उकळूनच. गोठा कोरडा होईपर्यंत जनावरं उंचावर बांधा, खुरं रोज बघा, आणि चारा उचलताना आधी काठीने हलवा, पुरात साप तिथेच आसरा घेतात.