‘यंदा किती लोकांपर्यंत पोचलो?’ मदतसंस्थेत एम अँड ई करू पाहणाऱ्यांसाठी

एमएसडब्ल्यू किंवा संख्याशास्त्र करून मदतसंस्थेत येऊ पाहणारी मुलं-मुली हल्ली बरीच भेटतात. मी ठाण्यात राहते, पनवेल लोकलने बेलापूरचं ऑफिस गाठते आणि पावसाळ्यात फोन आला की महाड, चिपळूणकडे निघते. काम मॉनिटरिंग अँड इव्हॅल्युएशनचं, म्हणजे मदत नीट पोचते का आणि तिने काय साधलं हे तपासण्याचं; सगळे एम अँड ईच म्हणतात. लॉगफ्रेम (प्रकल्पाची उद्दिष्टं आणि ती कशी मोजायची याचा तक्ता), बेसलाइन (सुरुवातीची पाहणी), एंडलाइन (शेवटची पाहणी) हे तुम्ही शिकून येता. पण ते झालं एका प्रकल्पाचं. अख्ख्या संस्थेने वर्षभरात काय साधलं हे सांगायची वेळ येते तेव्हा खरा कस लागतो.

वार्षिक अहवालाच्या दिवसांत प्रश्न ठरलेला: यंदा आपण किती लोकांपर्यंत पोचलो? आता बघा. २०२१ च्या जुलैमध्ये महाड बुडालं, तसा पूर आलाय. पाच माणसांच्या एका घराला अन्नाच्या प्रकल्पातून रेशन किट मिळालं, स्वच्छतेच्या प्रकल्पातून बादली-साबण, निवाऱ्याच्या प्रकल्पातून ताडपत्री. तिन्ही रिपोर्टांत पाच-पाच लाभार्थी, तिन्ही रिपोर्ट बरोबर. मुख्यालयात बेरीज झाली की त्याच घरात पंधरा माणसं होतात. म्हणून वाटपाच्या रजिस्टरमध्ये प्रत्येक कुटुंबाला एकच क्रमांक द्या आणि तो सगळ्या प्रकल्पांना वापरायला लावा. ते जमण्यासारखं नसेल, तर एका गावासाठी तिन्ही आकड्यांपैकी सर्वांत मोठा एकच धरा. आणि कोणती पद्धत वापरली ते आकड्याखालीच लिहा. डोनरला छोटा आकडा आवडणार नाही ही भीती मी फार ऐकली आहे. नीट समजावून सांगितलेला छोटा आकडा डोनरने नाकारल्याचं मात्र मला आठवत नाही.

टक्केवारीचं आणखी एक. एका ठिकाणी ५० कुटुंबांपैकी ९० टक्के समाधानी, दुसरीकडे १००० पैकी ६० टक्के. सरासरी ७५ लिहून मोकळे होणारे खूप आहेत. कुटुंबं मोजलीत तर उत्तर ६१ टक्क्यांच्या आसपास येतं.

पण माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो ‘दिलं’ आणि ‘झालं’ यांतल्या अंतराला. स्फिअरच्या, म्हणजे मदतकार्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या किमान मानकांप्रमाणे माणशी रोज किमान १५ लिटर पाणी हवं. टँकरच्या खेपा मोजल्या की हे गणित कागदावर सुटतं. मग तुम्ही टेस्टर घेऊन एखाद्या घरात जा. टाकीच्या नळाचं पाणी नळीत घेऊन डीपीडीची, म्हणजे क्लोरीन तपासायची गोळी टाकलीत, तर छान गुलाबी रंग येतो. म्हणजे क्लोरीन आहे. लिटरमागे ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम असला की झालं. आता त्याच घरातल्या हंड्यातलं पाणी घ्या. हंडा उघडा, तळाशी पुराचा गाळ, पोरं तांब्या बुडवून पाणी पितात. गोळी टाका, रंग येतच नाही. टँकर पोचला, निर्जंतुक पाणी तोंडापर्यंत पोचलं नाही. जुलाब थांबायचे असतील तर हंड्यातला रंग महत्त्वाचा. संस्थेच्या इंडिकेटरमध्ये, म्हणजे काम मोजायच्या निर्देशकांमध्ये, ‘हंड्यात क्लोरीन सापडलेली घरं’ अशी ओळ असायला हवी, आणि ती रायगडात, मराठवाड्यात, सगळीकडे एकाच पद्धतीने तपासली जायला हवी. चाळीस इंडिकेटर ठेवून प्रत्येक टीमने आपापला अर्थ लावण्यापेक्षा सगळ्यांना सारखे कळणारे सहा-सात मी कधीही पसंत करीन.

हंड्यात क्लोरीन दिसू लागला आणि जुलाब कमी झाले, तर श्रेय कुणाचं? तिथे आरोग्य केंद्र होतं, आशाताई होत्या, गणेश मंडळं होती, इतर संस्था होत्या. तुलनेसाठी अर्ध्या गावाला उपाशी ठेवता येत नाही. म्हणून ‘आमच्यामुळे झालं’ असं लिहू नका. ‘यात आमचा वाटा हा, आणि तो दाखवणारा पुरावा हा’ असं लिहा. काही गोष्टी तर एका संस्थेच्या रिपोर्टात दिसतच नाहीत. १९९४ मध्ये रवांडातून पळालेले हजारो निर्वासित आजच्या काँगोमधल्या गोमाच्या छावण्यांत कॉलऱ्याने दगावले. १९९६ मध्ये अनेक देश आणि संस्थांनी मिळून केलेलं रवांडातल्या मदतीचं मूल्यांकन बाहेर आलं. मदतकार्य हे राजकीय कृतीला पर्याय ठरू शकत नाही, हे त्याने स्पष्ट सांगितलं. त्यानंतर, १९९७ मध्ये, मदतीच्या कामातून शिकण्यासाठी आल्नॅप हे जाळं उभं राहिलं. त्यांचे अभ्यास फुकट वाचायला मिळतात, जरूर वाचा. ओईसीडी या देशांच्या संघटनेचे मूल्यांकनासाठीचे सहा निकषही पाहून ठेवा. मूळचे पाच १९९१ चे, सुसंगतीचा सहावा २०१९ मध्ये आला.

नोकऱ्यांचं विचाराल, तर मदतसंस्थांइतकंच कंपन्यांच्या सीएसआरकडेही, म्हणजे कायद्याने कराव्या लागणाऱ्या सामाजिक खर्चाकडेही लक्ष ठेवा. २०२१ पासून, ज्या कंपन्यांवर वर्षाला सरासरी १० कोटी किंवा अधिक सीएसआर खर्चाचं बंधन आहे, त्यांना १ कोटी किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पांचं परिणाम-मूल्यांकन स्वतंत्र संस्थेकडून करून घ्यावं लागतं. ठाणे-मुंबईत त्यामुळे या कामाला मागणी आहे. कोबो या मोबाइलवर माहिती गोळा करायच्या साधनावर फॉर्म बनवता यावा, एक्सेलमध्ये पिव्हट टेबल जमावं, आणि वाटपाच्या रांगेत दिवसभर उभं राहायची तयारी असावी.

मुलाखतीला जाण्याआधी त्या संस्थेचा मागचा अहवाल उघडा. लाभार्थ्यांचा एकूण आकडा शोधा आणि तो कसा काढला ते मुलाखतीत विचारा. एकच कुटुंब दोनदा मोजलं जाऊ नये म्हणून काय करता, हेही विचारा. ज्यांना हा प्रश्न आवडेल त्यांच्याकडे रुजू व्हा, भले पगार थोडा कमी असो.