एकट्यानं कुर्ल्यांना जाताना

पूर्वी माझी तयारीची यादी बॅटरीपासून सुरू व्हायची, आता माणसापासून होते. मिरगाचा पाऊस लागला की एखादा शनिवार-रविवार बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात कुर्ल्यांना, म्हणजे खेकडे धरायला, जायची जुनी खोड आहे. बरोबरचे सगळे पुण्याला नाहीतर गोव्याला नोकरीला गेले, त्यामुळं हल्ली एकटाच जातो. म्हणून पहिलं काम म्हणजे जिथं मुक्काम, त्या घरात सांगून निघणं. ‘जरा रानाकडं जाऊन येतो’ हे सांगणं नव्हे. ‘देवळामागच्या शेतांतनं खालच्या व्हाळापर्यंत (ओढ्यापर्यंत), दहाला परत’ असं सांगायचं. मुक्कामाच्या घरच्या मावशींना मी बजावून ठेवतो, साडेदहापर्यंत आलो नाही तर दोघा पोरांना बॅटरी देऊन पाठवा. मोबाइल खिशात असतोच, पण जांबोटीच्या पुढं रेंजचा भरवसा नाही. त्यात वादळानं लाईट गेली की टॉवरही थोड्या वेळानं गप्प.

शिकार म्हणताना काय धरायचं हेही घरीच ठरवून निघावं. आमच्या आजोबांच्या वेळी ठासणीच्या बंदुकीच्या गोष्टी चालायच्या; १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळं आता ससा, डुक्कर, साळिंदर, कशालाच हात लावता येत नाही. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत तर कुर्लीसाठीसुद्धा शिरायचं नाही. राहिली भाताची शेतं आणि गावचे ओढे, तेही मालकाला विचारून.

हवामान बघताना एक गंमत लक्षात ठेवा. अंदाज अख्ख्या बेळगाव जिल्ह्याचा असतो आणि जिल्हा अथणीपासून कणकुंबीपर्यंत पसरलेला. तिकडं अथणीत लोक ढगाकडं डोळे लावून बसलेले असतात, इकडं कणकुंबीत कौलं उडत असतात. म्हणून मी बेळगावबरोबर उत्तर गोवा आणि सिंधुदुर्गाचा इशाराही बघतो. घाटमाथ्यावर येणारं वारं तिकडूनच चढतं. ‘अतिजोरदार’ म्हणजे २४ तासांत ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर. तो शब्द दिसला की पिशवी परत खुंटीला. विजेसाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं काढलेलं दामिनी ॲप निघायच्या आधी उघडून बघावं. रेंज गेली की कान आहेतच: लखलखाट झाल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत आकडे मोजायचे, ३ सेकंदांना साधारण १ किलोमीटर. ३० च्या आत आवाज आला तर बुट्टी (टोपली) भरो न भरो, घराकडं वळायचं. झाडाखाली थांबायचं नाही आणि मोकळ्या बांधावर ताठ उभंही राहायचं नाही.

बॅटऱ्या दोन. एक डोक्याला, एक खिशात, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून. एका वर्षी एकच नेली होती, ती वाफ्यात पडली आणि तासभर विजेच्या उजेडात बांध चाचपडत आलो. डोक्याची बॅटरी हवीच, कारण उजेडानं कुर्ली क्षणभर दबकते, तेवढ्यात पाठीवर दाबून मागून धरायला दोन्ही हात मोकळे लागतात. पालथी करून पोट बघायचं. पोटावरची झडप रुंद असेल तर मादी. तिच्याखाली अंडी किंवा बारकी पिल्लं दिसली तर तिथंच सोडायची. घेतलेल्या कुर्ल्या बुट्टीत, वरून ओलं गोणपाट बांधून. आणि घरी आणून कितीही भूक लागली तरी अर्धवट भाजून खायच्या नाहीत; कच्च्या कुर्लीतनं फुफ्फुसात जंत जातात. चांगल्या रटरटू द्यायच्या.

छत्री घरीच ठेवा, वाऱ्यात ती तुम्हाला धरते. गुडघ्यापर्यंतचे गमबूटही नकोत: ओढ्यात पाय घसरला की त्यात पाणी भरतं आणि पाय उचलत नाही. मागं पट्टा असलेलं रबरी चप्पल बरं. अंगावर रेनकोट चालेल, पण त्याची टोपी कानावर ओढायची नाही. ओढ्याचा आवाज बदललेला आधी कानालाच कळतो. इथं पाऊस थांबलेला असला तरी वरच्या डोंगरात कोसळत असतो. पाणी गढूळ झालं, पालापाचोळा वाहत आला, की त्याच क्षणी वरच्या काठाला.

जळवांसाठी तंबाखूच्या पाण्यात भिजवून वाळवलेले मोजे. अस्वलासाठी हातात काठी, तीही मारायला नव्हे, वाटेत आपटत जायला. अचानक समोर आलेला माणूस त्याला खपत नाही. बिळात हात घालायचा नाही, आत साप असू शकतो. आपल्याकडची सापाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी असते, घाटातल्या हिरव्या चापड्यासाठी ती नाही. तेव्हा जवळच्या कुठल्या सरकारी दवाखान्यात लस आहे ते आधी फोन करून विचारावं, आणि चावलाच तर कापाकापी न करता गाडी बघावी. तातडीच्या मदतीचा ११२ नंबर पाठ असू दे.

काडेपेटी झाकणाच्या बाटलीत, सोबत सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे; ओल्या लाकडाखाली तेच पेटतात. शेंगदाण्याची चटणी, भाकरी, गूळ. चुरमुरे नेऊ नका, तासाभरात वातड होतात.

शेवटचं काम ऑफिसातलं: सोमवारची रजा आधीच टाकून ठेवायची. रविवारी मोरीवरून पाणी गेलं की घाई असलेला माणूस ‘गुडघ्याएवढंच तर आहे’ म्हणत त्यात उतरतो. मी वस्तीच्या गाडीच्या ड्रायव्हरला विचारतो. तो काच खाली करून पाण्याकडं बघतो आणि ‘होगब्याड्री’ (कानडीत ‘जाऊ नका’) म्हणाला, की मी परत मावशींच्या चुलीपाशी.