भरताचं वांगं, पितळी तांब्या आणि सहा बाय आठचा बोर्ड: छोटी ऑइल पेंटिंग्ज करायची कशी, विकायची कशी

स्टिल लाइफ, म्हणजे मांडलेल्या वस्तूंचं चित्र, म्हटलं की आपल्याकडची पोरं अजून वाइनची बाटली, द्राक्षं आणि पांढरं फडकं मांडून बसतात. आता जळगाव-धुळ्यात कोणाच्या स्वयंपाकघरात वाइनची बाटली असते भो? विकायचं असेल तर वस्तू घरातल्या घ्या, भरताचं हिरवं वांगं, रावेर-सावद्याकडची केळी, नंदुरबारची वाळलेली मिरची, पितळी तांब्या, खलबत्ता, पुरणपोळीचं खापर. कारण गिऱ्हाईक कोण ते बघा ना, आपल्या गल्लीतली निम्मी पोरं सुरत, नाशिक, पुण्याला पोटापाण्याला गेलेली, त्यांच्या फ्लॅटच्या भिंतीवर सफरचंद नाही, खापरच विकलं जातं.

साध्या वस्तूंतून काय होतं ते बघायचं असेल तर चाळीसगावला केकी मूस यांच्या घरी जाऊन या, तिथं आता संग्रहालय आहे. हा माणूस (1912-1989) टेबलावर घरातल्याच किरकोळ वस्तू मांडून फोटो काढायचा, टेबलटॉप फोटोग्राफी म्हणतात त्याला, आणि उजेड कुठून येऊ द्यायचा हे तिथं नीट बघा.

सामान जास्त लागत नाही. प्लायवूडच्या दुकानात कटिंगमधून उरलेले एमडीएफचे तुकडे असतात, ते सहा बाय सहा, सहा बाय आठ इंचात कापून घ्या, स्वस्त कॅनव्हास बोर्डापेक्षा बरे, तो वाकतो. जेसोचे (रंगाखाली लावायचा पांढरा अस्तर) दोन-तीन हात मारा, मध्ये पॉलिश पेपर फिरवा, कडा आणि मागची बाजू पण झाका म्हणजे पावसाळ्यात फुगणार नाही. रंग कॅमलचे चालतील, टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, लेमन यलो, बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर, अल्ट्रामरीन, क्रिमझन, बस. काळी ट्यूब घेऊच नका, अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर मिसळलं की भरपूर गडद रंग मिळतो.

मांडणी उत्तरेच्या खिडकीजवळ करा, तिथं थेट ऊन फारसं येत नाही आणि सावली फारशी सरकत नाही. उजेड एकाच बाजूनं हवा, ट्यूबलाइट बंद. एक मोठी वस्तू, एक छोटी, झालं, सहा इंचात पाच वस्तू कोंबल्या की भांड्यांचं दुकान दिसतं. बोर्डावर आधी टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला बर्न्ट सिएना फासून पुसून घ्या, मग डोळे किलकिले करून फक्त अंधार आणि उजेड असे दोनच भाग ब्रशनं मांडा. सावली पातळ, उजेडाचा रंग जाड. थरावर थर देणार असाल तर खालचा थर टर्पेंटाइनचा आणि वरचा जवसाच्या तेलाचा, उलटं केलं तर पुढं तडे जातात.

केळी असेल तर आधी केळीच रंगवा, आपल्या उन्हाळ्यात दुपारपर्यंत डाग पडायला लागतात. आणि पिवळ्याची सावली करायला काळा घातला की केळी हिरवी होते, त्याऐवजी ऑकरमध्ये सिएना आणि चिमूटभर जांभळट रंग घाला. तांब्याला सोनेरी ट्यूब कशाला? पितळ चमकतं ते रंगानं नाही, अगदी गडद पट्ट्याच्या शेजारी अगदी उजळ ठिपका आला की चमकतं, त्या गडद पट्ट्यात शेजारच्या वांग्याची हिरवट झाक पण दिसेल, ती सोडू नका. वांग्यावरचा चमकता भाग म्हणजे खिडकीच असते, नीट बघितलं तर चौकोनी दिसतो, तो निव्वळ पांढऱ्यानं नका करू, किंचित निळसर ठेवा आणि सगळ्यात शेवटी एकाच फटक्यात लावा, परत हात लावायचा नाही.

एक गोष्ट सिरियसली सांगतो. जवसाच्या तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेतात, त्यात आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास. पसरून बाहेर वाळवा नाहीतर झाकणाच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवा. खिडकी उघडी पाहिजेच, पण वारं सुटलं की धूळ ओल्या रंगावर बसते, म्हणून झालेल्या चित्रावर उलटा खोका टेकू देऊन झाकून ठेवा.

आता विक्री. अमेरिकेत ड्वेन कायझर नावाच्या चित्रकारानं 2004 मध्ये रोज एक छोटं चित्र करून इंटरनेटवर विकायला सुरुवात केली, तेव्हापासून जगभर लोक हेच करतात, तुम्हाला रोज जमलं नाही तरी आठवड्याला एक ठरलेल्या वारी टाका. फोटो सावलीत, ढगाळ उजेडात काढा, फ्लॅश नको, चित्राच्या शेजारी हात किंवा चहाचा कप ठेवून एक फोटो घ्या, नाहीतर लोकांना साइज कळत नाही आणि मग पार्सल उघडून "एवढंसंच?" म्हणतात. भाव चौरस इंचावर ठरवा, समजा 30 रुपये धरले तर सहा बाय आठचे 1440, फ्रेम आणि कुरिअर वेगळं. मामाला एक भाव आणि पुण्याच्या माणसाला दुसरा असं केलं की दोन्हीकडून बोलणी खाल, घरच्यांना द्यायचं तर फुकट द्या. फ्रेमवाल्याला काच नको म्हणून दोनदा सांगा, तो सवयीनं लावतोच.

रंग हाताला लागायचा थांबल्याशिवाय पाठवू नका, पातळ चित्राला पण दोन-तीन आठवडे धरा, पावसाळ्यात जास्त. फायनल वार्निश सहा महिन्यांनी, तोवर रिटच वार्निश, म्हणजे पातळ तात्पुरतं वार्निश. बबल रॅप थेट रंगावर लागला तर फुगे छापून येतात, आधी बटर पेपर, कोपऱ्यांना थर्माकोल, मग बबल रॅप, मग खोका. आणि "आजीचा फोटो पाठवतो, तेवढं करून द्या" असे मेसेज येणारच, ते घ्यायचं असेल तर रेट वेगळा सांगा आणि निम्मे पैसे आधी.