शिध्याची वही: मशाली, बाण, पाणी आणि महिन्याचा खर्च खेळात कसा मोजायचा

टेबलावर फासे टाकून खेळायच्या रोल-प्लेइंग खेळात तिसऱ्या-चौथ्या सेशनला, म्हणजे बैठकीला, जीएम (गेममास्टर, खेळ चालवणारा) विचारतो, "अरे, बाण किती उरलेत तुझे?" समोरून उत्तर येतं, "असतील की दहा-बारा." हे उत्तर आलं की हिशोब मोडला असं खुशाल समजा. पहिल्या सेशनला सगळ्यांनी हौसेने वीस बाण लिहिलेले असतात, पाच रेशन (एका दिवसाचा शिधा), दोन मशाली. मग लढाईच्या भरात कोणी खोडायला विसरतो, कोणी दोनदा खोडतो, आणि शेवटी "जाऊ दे, धरून चाला" यावर सगळं येऊन थांबतं. यात आळस कमी आणि मांडणीचा दोष जास्त. पाच जण पाच शीटवर, म्हणजे आपापल्या कॅरेक्टरच्या (पात्राच्या) कागदावर, वाटेल तेव्हा, खोडरबराने खोडणार असतील तर तो हिशोब टिकणारच नाही.

म्हणून आधी दोन गोष्टी बदला. हिशोब एकाच वहीत, एकाच माणसाकडे द्या. आणि तो ठरलेल्या वेळीच लिहा, अधेमधे नाही.

वही गणिताची, चौकटीची घ्या. दादरला कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळते, अब्दुल रेहमान स्ट्रीटवर डझनाच्या भावात. मोहिमेला एक पान. आडव्या ओळीत दिवस, उभ्या रकान्यात शिधा, पाणी, मशाल किंवा तेल, आणि फार तर आणखी एक रकाना. वही सांभाळणारा हा कारभारी जीएम नसावा. त्याच्या डोक्यावर आधीच पुरेसं असतं, शिवाय जीएमनेच "तुमचं रेशन संपलं" म्हटलं की तो मुद्दाम छळतोय असं वाटतं. खेळाडूंपैकीच कोणी म्हणालं की मुकाट मान्य होतं.

लिहायच्या वेळा तीन: मुक्काम पडला की शिधा-पाणी, लढाई संपली की बाण आणि औषधं, मशाल विझली की मशाल. लढाई चालू असताना वहीला हात लावायचा नाही. बाण मारले ते लक्षात कसे ठेवायचे? काडेपेटीने. धनुर्धाऱ्यासमोर वीस काड्यांची पेटी ठेवा. बाण सुटला की एक काडी बाहेर. डंजन्स अँड ड्रॅगन्स या खेळाच्या पाचव्या आवृत्तीत लढाईनंतर मिनिटभर शोधलं तर सुटलेल्यातले निम्मे बाण परत मिळतात. म्हणजे बाहेर सात काड्या असतील तर तीन पेटीत, चार बाजूला. कितीही गोंधळात कळतं, कारण पेटी हलवली की आवाजच सांगतो. शिध्याला चिंचोके वापरा: एक चिंचोका, एका माणसाचा एक दिवस. वाटी सगळ्यांना दिसेल अशी मधोमध ठेवा. वाटी रिकामी होताना दिसली की "आता परत फिरायचं का" ही चर्चा आपोआप सुरू होते, आणि मोजायचं ते त्या चर्चेसाठीच.

काय मोजायचं याची कसोटी एकच. ती वस्तू संपली तर पार्टीचा, म्हणजे खेळाडूंच्या टोळीचा, बेत बदलतो का? बदलत नसेल तर मोजू नका. सगळं कॅम्पेन (अनेक सेशन चालणारी कथा) एका शहरात, दरबारी कारस्थानांचं असेल तर मशाली मोजणं म्हणजे चर्चगेटला जायला टॉर्च नेण्यासारखं आहे. वाळवंटात पाणी मोजा, बाकी सोडा. खडू, साबण, फूटभर दोरी हे कुठेच मोजू नका. आणि एका वेळी चारपेक्षा जास्त गोष्टी मोजायला घेतल्या तर तिसऱ्या सेशनला आपण पहिल्या परिच्छेदात परत येतो.

आता एक मोहीम आकड्यांत मांडू. पाचव्या आवृत्तीचे, २०१४ च्या नियमपुस्तकातले भाव आणि नियम धरतो. चौघं जण, किल्ला चार दिवसांच्या वाटेवर, आत एक दिवस, परत चार दिवस. नऊ दिवस गुणिले चार म्हणजे ३६ रेशन. एक रेशन ५ चांदीची नाणी आणि २ पाउंड, म्हणजे १८ सोन्याची नाणी आणि ७२ पाउंड वजन. पैसे किरकोळ आहेत. वजन नाही. मग कोणी तरी म्हणतं, खेचर घेऊ. खेचर ८ सोन्याच्या नाण्यांना मिळतं, ४२० पाउंड उचलतं, सगळे खूश. पण खेचराचा चारा दिवसाला १० पाउंड. नऊ दिवसांचे ९०. माणसांच्या सगळ्या शिध्यापेक्षा जनावराचा चारा जड! वाटेत कुरण असेल तर चारा सोडून द्या, पण कुरण आहे की नाही हे जीएमने निघण्यापूर्वी सांगायला हवं. डोंगरात गेल्यावर "इथे गवत नाही हं" म्हणणं ही फसवणूक झाली. चारापाणी संपलं तर खेचर मरतं आणि परतीच्या वाटेवर लूट कोण उचलणार हा प्रश्न उभा राहतो. हा प्रश्न खजिन्याच्या दारात पडावा, आधी नाही.

पाण्यात हमखास चूक होते ती पखालीची. नियमाप्रमाणे माणसाला दिवसाला एक गॅलन पाणी लागतं, कडक उन्हात दोन. पखालीत मावतं चार पिंट, म्हणजे अर्धा गॅलन. शीटवर "पखाल १" लिहून निवांत बसलेल्या खेळाडूकडे साध्या हवेतही अर्ध्याच दिवसाचं पाणी असतं. लिटरमध्ये गॅलन म्हणजे पावणेचारच्या आसपास. मे महिन्यात हरिश्चंद्रगड चढलेल्यांना हा आकडा फुगवलेला वाटणार नाही. नदी-विहिरीच्या मुलखात पाणी अजिबात मोजू नका. जिथे नाही तिथे माणशी रोज दोन पखाली, ऊन असेल तर चार, आणि भरलेली पखाल ५ पाउंडांची, एवढं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

अन्नाच्या नियमात एक भोक आहे. न जेवता माणूस तीन अधिक कॉन्स्टिट्यूशनचा (काटकपणाचा) मॉडिफायर, म्हणजे त्या गुणाचा वाढ-घटीचा आकडा, इतके दिवस काढतो. त्यानंतर दर दिवशी एक पायरी एक्झॉशन, म्हणजे थकवा. अर्धपोटी दिवस अर्धा उपास धरायचा. इथपर्यंत छान. पण एक दिवस पोटभर जेवलं की मोजणी शून्यावर येते. म्हणजे मॉडिफायर शून्य असलेला माणूस तीन दिवस उपाशी, चौथ्या दिवशी जेवण, असं वर्षभर सुखाने चालू शकतो. एकादशीलाही लाजवेल असा प्रकार. पार्टीतल्या एखाद्या चलाख खेळाडूला हे कधी ना कधी सापडतंच. घरचा नियम करा: एका दिवसाच्या जेवणाने उपासाचा एकच दिवस पुसला जातो.

जादूचं आधीच बोलून घ्या. गुडबेरी हा पहिल्या पातळीचा मंत्र दहा फळं देतो आणि एक फळ एका माणसाला दिवसभर पुरतं. आउटलँडर (रानात वाढलेला) या पार्श्वभूमीचा खेळाडू रानात स्वतःसह आणखी पाच जणांचं अन्नपाणी शोधतो. हे दोन्ही टेबलावर असतील तर शिध्याचा रकाना पुसा. मधेच मंत्रावर बंदी घालणं वाईट. गुडबेरीसाठी रोज मंत्राचा एक स्लॉट (मंत्र टाकायची एक संधी) जातो, तीच त्याची किंमत मानून पुढे चला.

मशालीचं तसं नाही. मशाल एका तांब्याच्या नाण्याची, एक पाउंड, तासभर जळते, वीस फूट लख्ख आणि पुढे वीस फूट अंधूक. कंदिलाला एक तेलाची बाटली सहा तास पुरते, किंमत एक चांदीचं नाणं, वजन एक पाउंड. सहा मशाली सहा तांब्यांत येतात पण सहा पाउंड भरतात. स्वस्त मशाल, हलका कंदील. आणि मशाल लढाईत खाली टाकता येते, कंदील टाकला तर फुटायची भीती. "आम्हाला डार्कव्हिजन आहे" म्हणणाऱ्यांना, म्हणजे अंधारात दिसणाऱ्या कॅरेक्टरांना, आठवण करून द्या की पूर्ण अंधार त्यांना अंधुक दिसतो, म्हणजे नजरेच्या परसेप्शनला (हेरण्याच्या फाशाला) डिसअ‍ॅडव्हान्टेज (दोन फाशांतला कमी आकडा धरायचा) आणि पॅसिव्हमधून, म्हणजे फासा न टाकता धरायच्या आकड्यातून, पाच वजा. सापळे तेवढ्यात नजरेतून सुटतात.

वेळ कसा मोजायचा? जुन्या पद्धतीत डंजनमधला (भुयार-तळघरातला) वेळ दहा-दहा मिनिटांच्या टर्नमध्ये मोजतात, मशाल सहा टर्न. वहीच्या मार्जिनमध्ये सहा चौकटी आखा. एक खोली नीट शोधली, कुलूप उघडलं, जखमा बांधल्या की एक चौकट भरा. शॅडोडार्कमध्ये, म्हणजे २०२३ च्या खेळात, मशाल घड्याळातला खराखुरा एक तास चालते. तीन तासांच्या सेशनला तीन मशाली, सोपा हिशोब. फक्त आधी ठरवा: चहा आला, कोणी पार्सल घ्यायला खाली उतरला, तर घड्याळ थांबणार का? थांबू द्या. नाहीतर लोक चहा टाळतील आणि पुढच्या वेळी येणारच नाहीत.

एक-एक मोजायचा कंटाळा असेल तर घटत्या फाशाची पद्धत घ्या. द ब्लॅक हॅक या २०१६ च्या खेळाने ती लोकप्रिय केली, फॉरबिडन लँड्समध्येही तसाच प्रकार आहे. वस्तूला आकडा न देता फासा द्यायचा, समजा डी८ (आठ बाजूंचा). वापरल्यावर फासा टाका. १ किंवा २ पडला तर फासा एक पायरी खाली: डी८ चा डी६, डी६ चा डी४, डी४ वर पडला की वस्तू संपली. सरासरी काढणं सोपं आहे. डी४ वर दर टाकीला निम्मी शक्यता, म्हणून तो सरासरी २ वापर टिकतो. डी६ तीन, डी८ चार, डी१० पाच, डी१२ सहा. बेरीज करत गेलं की डी६ पासून सुरुवात म्हणजे ५ वापर, डी८ म्हणजे ९, डी१० म्हणजे १४, डी१२ म्हणजे २०. वीस बाणांचा भाता हवा तर डी१२ द्या. पण फासा दर बाणाला नाही, दर लढाईला टाकायचा असेल तर डी१२ म्हणजे वीस लढाया, कधी न संपणारा भाता! तिथे डी६ पुरे. उलट टोकाला, डी६ चं सामान लागोपाठ दोन वापरांत संपायची शक्यता सहात एक आहे. पाण्यासारख्या जिवावरच्या गोष्टीला हा जुगार नको, तिथे चिंचोकेच बरे.

वजनाचे पाउंड जोडणं बहुतेकांना झेपत नाही, त्याबद्दल फार बोलायला नको. स्लॉट, म्हणजे सामानाचे कप्पे, वापरा. माणशी दहा स्लॉट किंवा स्ट्रेंग्थचा (ताकदीचा) आकडा जास्त असेल तर तेवढे, मोठी वस्तू एक स्लॉट, तीन रेशन एक स्लॉट, वीस बाण एक स्लॉट.

राहणीचा खर्च वेगळ्या पानावर, आणि तो रोज नाही, मोहिमेवरून परतल्यावर एकरकमी घ्या. वाणसामान आपण महिन्याचं भरतो, तसं. पाचव्या आवृत्तीत साधी राहणी दिवसाला १ सोन्याचं नाणं, सुखवस्तू २, श्रीमंती ४, उमरावी १० पासून पुढे. तीस दिवसांचे ३०, ६०, १२० आणि ३००. सुरुवातीच्या पातळ्यांना हे चटका देतं. पाचव्या-सहाव्या पातळीला खजिना हाती आला की कोणी ढुंकून बघत नाही. जुन्या खेळांनी यावर उपाय केले होते. १९७४ च्या मूळ डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये अनुभवाच्या गुणांच्या १ टक्का सोनं पोटापाण्याला जायचं. १९७९ च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये (जीएमच्या नियमपुस्तकात) दर पातळीला महिना १०० सोन्याची नाणी, म्हणजे पाचव्या पातळीच्या वीराला ५००. नाव मोठं, तसा बडेजावही मोठा. हा नियम आजही कुठेही चिकटवता येतो.

खर्चाने पूर्ण खेळ कसा चालतो ते ट्रॅव्हलर या अंतराळातल्या खेळात बघा. जहाजाच्या किमतीचा २४० वा भाग दर महिन्याला हप्ता, असे ४८० हप्ते. ३ कोटी ७० लाख ८० हजार क्रेडिटच्या साध्या व्यापारी जहाजाला महिना १,५४,५०० क्रेडिट, चाळीस वर्षं. मुंबईत घराचं कर्ज फेडणाऱ्या खेळाडूला याहून जास्त समजावावं लागत नाही. याउलट कॉल ऑफ कथुलू या भयकथांच्या खेळाच्या सातव्या आवृत्तीत क्रेडिट रेटिंगप्रमाणे (कॅरेक्टरच्या सांपत्तिक पतीप्रमाणे) रोजच्या खर्चाची एक मर्यादा आहे, १९२० च्या दशकातल्या मध्यम माणसाला दिवसाला १० डॉलर. त्याच्या आतलं काहीच लिहायचं नाही. तपासाच्या खेळाला हे अगदी योग्य.

तोच खेळ गिरणगावात बसवायचा असेल तर डॉलर ठेवू नका. रुपया सोळा आण्यांचा, आणा बारा पैंचा. पण भावांच्या याद्या शोधत बसण्यापेक्षा पगाराचे दहा भाग करा: खोलीचं भाडं १, खाणावळ आणि वाणी ५, गावची मनीऑर्डर २, हातात २. तपासाला लागणारं सगळं, ट्रामचं तिकीट, लाच, कंदिलाचं रॉकेल, त्या शेवटच्या दोन भागांतून. संपलं तर वाण्याकडे उधारीच्या तीन चौकटी. तिसरी भरली की वाणी माल देत नाही, आणि मनीऑर्डर चुकवली तर पुढच्या सेशनला गावाहून पत्र येतं. पत्रात काय आहे ते जीएमने आधी लिहून आणावं, तिथल्या तिथे सुचत नाही.

राहिला गैरहजर खेळाडू. रविवारी मेगाब्लॉक असतो, कल्याणहून कोणी निघतच नाही. त्याचं कॅरेक्टर खेचराजवळ तळावर थांबलं असं धरा. ते जेवतं, त्याचा चिंचोका वाटीतून जातो, पण मशाल आणि बाण त्याच्या खात्यावर पडत नाहीत. सेशन संपताना कारभाऱ्याने शेवटची ओळ मोठ्याने वाचायची आणि पानाचा फोटो ग्रुपवर टाकायचा. चिंचोके डबीत मोजून ठेवा. वाटीत तसेच ठेवले तर पुढच्या रविवारपर्यंत घरातलं कोणीतरी ते हमखास झाडून टाकतं.