मस्टरवर नाव नव्हतं, काट्याच्या पावत्यांवर अक्षर होतं

2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं आमच्या साडेतीन एकरातला कापूस खाल्ला. तिसरा वेचा झालाच नाही. मी तेव्हा 19 वर्षांचा, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. दिवाळी आटोपली आणि यवतमाळ जिल्ह्यातल्याच एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला लागलो. गावातल्या एका काकांनी शब्द टाकला. ठेकेदारानं एकदा वरून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "लिहिता-वाचता येते ना? मंग काट्यावर बस." झाली भरती. रोज 250 रुपये. शनिवारी थोडी खर्ची, बाकीचा हिशेब हंगाम उठल्यावर.

काट्यावरचं काम म्हणजे भरल्या गाडीचं वजन, मग रिकाम्या गाडीचं वजन, शेतकऱ्याचं नाव, गाव, भाव, आणि पावती फाडून हातात द्यायची. गाड्यांची रांग रात्री दहापर्यंत हटत नसे. गाड्या नसल्या की सरकीची पोती शिवायला लावायचे. ऑफिसात हजेरीचं मस्टर होतं, पण त्यावर दहा-बारा नावं आणि कामाला आम्ही पन्नासेक जण. मी एकदा विचारलं, तर ठेकेदार म्हणाला, "तुले काय करायचं हाय मस्टरचं? पैसे भेटते ना?" मला ते पटलं. आज पहिल्यांदाच जिनिंगवर, धाब्यावर, वीटभट्टीवर किंवा कृषी केंद्रात लागलेली पोरं मला भेटतात, त्यांनाही ते असंच पटलेलं असतं.

मार्चमध्ये जिन बंद झालं तेव्हा माझे 47 दिवसांचे 11,750 रुपये बाकी होते. गुढीपाडव्याला देतो म्हणाले, मग लग्नसराई झाल्यावर. मे महिन्यात मी जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात अर्ज दिला. दोन्ही बाजूंना बोलावलं, तेव्हा जिनिंगचा माणूस अधिकाऱ्यांसमोर शांतपणे म्हणाला की हा मुलगा आमच्याकडे कधी कामालाच नव्हता. बाबा बाजूला बसले होते. त्यांची मान खाली गेली, ती मला अजून दिसते.

माझ्याजवळ एक खिशातली वही होती, ती मायमुळे. वेचणीच्या दिवसांत माय प्रत्येक बाईचे किलो कोळशानं भिंतीवर लिहायची, संध्याकाळी कोणाशी वाद नको म्हणून. मी कामाला निघालो तेव्हा म्हणाली, "तुहे दिवस तू लिहून ठेव." म्हणून रोज तारीख आणि मिळालेली खर्ची लिहिली होती. साहेबांनी वही पाहिली, पण वही काय, घरी बसूनही लिहिता येते, असं समोरचा म्हणाला. त्यावर मला उत्तर सुचेना. घरी परत येताना एसटीत लक्षात आलं की त्या हंगामातल्या शेकडो काटापावत्या माझ्या हातच्या आहेत आणि त्या शेतकऱ्यांच्या घरात आहेत.

तीन गावं फिरलो. शेतकरी असे कागद टाकत नाही, बँकेच्या पासबुकासोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवतो. एका दादांनी पावती द्यायला नकार दिला, कारण पुढच्या वर्षी त्यांना तिथंच कापूस न्यायचा होता. मी त्यांना दोष देत नाही. तरी आठ पावत्या मिळाल्या, आणि आठही तारखा वहीशी जुळल्या. साहेबांनी मला समोर बसवून दोन ओळी लिहायला लावल्या आणि पावत्या शेजारी ठेवल्या. पुढच्या तारखेला 11,750 रुपये दोन हप्त्यांत द्यायचं कबूल झालं, आणि मिळालेही. ज्यादा तासांचा एक रुपया मिळाला नाही, कारण वहीत दिवस होते, तास नव्हते. रात्री दहापर्यंत बसल्याचं सांगणारं एकही अक्षर माझ्याकडे नव्हतं.

म्हणून पहिल्या दिवसापासून किती वाजता आलो आणि किती वाजता सुटलो ते लिहा. सोबत कोण होतं तेही लिहा. खर्ची फोनपेवर आली तर तो स्क्रीनशॉट, मुकादमाचा "उद्या लवकर ये" हा व्हॉट्सअॅप मेसेज, कामाच्या जागेवर काढलेला फोटो, यातलं काही पुसू नका. मोबाइल बदलला तर आधी ते सगळं दुसरीकडे घ्या.

आता कायद्याकडे येतो. मस्टरवर नाव न लावणं ही मालकाची चूक आहे. त्यानं तुमचा हक्क जात नाही. नोंद नसलेल्या, हंगामी, रोजंदारीच्या माणसालाही किमान वेतन लागू आहे. माझ्या वेळी 1948 चा किमान वेतन कायदा आणि 1936 चा वेतन प्रदान कायदा होता, आणि किमान वेतनाच्या दाव्याला सहा महिन्यांची मुदत होती. 21 नोव्हेंबर 2025 पासून जुन्या कामगार कायद्यांच्या जागी चार श्रमसंहिता लागू झाल्या. त्यातल्या वेतन संहितेत दाव्याची मुदत तीन वर्षं आहे. पैसे दिले की नाही यावर वाद झाला, तर दिले हे मालकानं सिद्ध करायचं. तुमच्यावर राहतं ते एवढंच, की तुम्ही तिथं कामाला होता हे दाखवायचं. काम सुटलं तर हिशेब दोन कामाच्या दिवसांत व्हायला हवा, आणि ज्यादा कामाचा दर दुप्पट. "तो ठेकेदाराचा माणूस आहे, आमचा नाही" हे वाक्य ऐकायला मिळेलच. ठेकेदारानं मजुरी बुडवली तर ज्याचं काम होतं त्याच्यावरही ती द्यायची जबाबदारी येते.

"हिशेब चुकता" असं लिहून सही घेतली असेल तरी खचू नका. कायद्यानं मिळणारा पैसा सोडून देण्याचा करार मुळात रद्दबातल असतो. पण कोऱ्या कागदावर सही करूच नका.

किमान वेतनाचा आकडा इथं देत नाही, कारण त्यातला महागाईपोटीचा विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैत, बदलतो. कामगार कार्यालयात तुमच्या उद्योगाचं चालू पत्रक मागा. त्यात परिमंडळं, म्हणजे शहर-खेड्याप्रमाणे पाडलेले भाग, असतात, आपला खेड्याचा भाग तिसऱ्यात येतो.

पैशापेक्षा मोठी गोष्ट अपघाताची आहे. त्याच हंगामात जिनवर काम करणाऱ्या माझ्या मित्राची तर्जनी रोलरमध्ये गेली, मुळापासून. त्याला दवाखान्यात नेलं ते ठेकेदाराच्याच गाडीत, आणि केसपेपरवर लिहवलं की बैलगाडीच्या चाकात हात आला. मलमपट्टीचा खर्च त्यांनी केला, वर पाच हजार दिले. घरच्यांना वाटलं, माणूस चांगला आहे. भरपाईचा अर्ज दोन वर्षांत करायचा असतो हे आम्हाला कळलं तोवर अडीच वर्षं झाली होती. भरपाईसाठीही मस्टरवर नाव असावं लागत नाही. तर्जनी पूर्ण गेली तर कायद्याच्या तक्त्यात कमाईची ताकद 14 टक्के घटली असं धरतात. आज 19 वर्षांच्या पोराचा पगार महिना 10 हजार धरला, तर त्याचे 60 टक्के म्हणजे 6 हजार, गुणिले वयाचा घटक 225.22, आणि त्याचे 14 टक्के. साधारण 1 लाख 89 हजार रुपये होतात. माझ्या मित्राच्या हाती पाच हजार आले. त्या दिवशी दवाखान्यात मी सोबत असतो आणि खरं लिहायला लावलं असतं तर, हा विचार मला सोडत नाही. सोबत्याला लागलं तर त्याला एकटा ठेकेदारासोबत पाठवू नका. कामावर, मशीनवर लागलं असं डॉक्टरांना तोंडानं सांगा, केसपेपर वाचा आणि त्याचा फोटो काढा.

तुम्ही 18 च्या आतले असाल तर वेगळे नियम आहेत. 14 च्या आत कामाला ठेवणं गुन्हाच आहे. 14 ते 18 मध्ये धोक्याची कामं नाहीत, दिवसाला विश्रांती धरून सहा तासच, आणि संध्याकाळी सात ते सकाळी आठपर्यंत काम नाही. वय चोरून कामाला लागलो म्हणजे मजुरी मागता येत नाही, असं मात्र नाही. अडचण असेल तर मुलांच्या मदतीच्या 1098 नंबरवर फोन लावा.

असंघटित कामगारांच्या सरकारी नोंदणीचं ई-श्रम कार्ड 16 ते 59 वयाला निघतं, जरूर काढा. पण ते दाखवून अमुक जिनिंगमध्ये होतो हे सिद्ध होत नाही. त्यासाठी वहीच लागते.

मला त्या जिनिंगमध्ये पुन्हा काम मिळालं नाही. ज्या काकांनी शब्द टाकला होता ते वर्षभर बोलले नाहीत. ही किंमत खरी आहे आणि गावात ती जड जाते, म्हणून शक्य असेल तर दोघं-चौघं मिळून अर्ज करा. वकील लागलाच तर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. बायांना, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना, 18 च्या आतल्यांना आणि औद्योगिक कामगारांना तिथं मोफत वकील मिळतो. फोन नंबर 15100. अर्ज नेताना दोन प्रती न्या. एक तिथं द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. "ठेवून जा, पाहतो" म्हणाले तरी पोच हातात आल्याशिवाय टेबलासमोरून उठू नका.