खाल्लेलं सांगितलं, ते खरं किती? पडताळणीला निघण्यापूर्वी

आहार पाहणीत माणूस काल काय खाल्लं ते तोंडी सांगतो. ते ताट तोलून आणि लघवी तपासून पडताळायचं. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा, जादा सेल, संमतीपत्रं हे सांगायला नको. वार मात्र आधी ठरवा. सोमवारी, गुरुवारी, शनिवारी पुष्कळ घरांत मासे शिजत नाहीत, श्रावणात तर नाहीच. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, तेव्हा सुकट नि सुके बोंबील. तेवढ्याच दिवसांवरून वर्षाचा आहार ठरवू नका.

रिकामं ताट तोला, वाढताना प्रत्येक पदार्थ तोला आणि जेवण झालं की ताट पुन्हा तोला. माशाचे काटे, डोकं, शिंपले, उरलेला भात, सगळं वेगवेगळं. घरची माणसं ताट लगेच मोरीत नेतात, त्यांना आधीच सांगून ठेवा. तिसऱ्यांच्या कालवणात शिंपल्यांचंच वजन जास्त असतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांतले आकडे खाण्याजोग्या १०० ग्रॅमचे आहेत. "दोन बांगडे" काट्यांसकट धरलेत की प्रथिनं फुगतात, सांगायचं राहून गेलेलं त्यात झाकलं जातं आणि जबाब चोख वाटतो. म्हणून काटे तोलाच. सोलकढीचा नारळ पिळल्यावर उरलेला चोथासुद्धा तोला.

दुसऱ्या दिवशी विचारणारा माणूस वेगळा हवा, वजनांची वही न पाहिलेला. आधी न अडवता बोलू द्या, मग पेज, चहासोबतची खारी, येताजाता तोंडात टाकलेले काजू विचारा. वाटपाला किती नारळ खवला आणि कालवण किती जणांत गेलं, हेही. बांगड्याचं डोकं खाल्लं की टाकलं? विचाराच.

कुणी तोलतंय म्हटलं की माणूस वेगळं जेवतो, म्हणून २४ तासांची लघवी हवी. सकाळची पहिली टाकायची, वेळ लिहायची, दुसऱ्या दिवशीची पहिली धरायची. बागेत कामाला जाणाऱ्याला सोबत न्यायची बाटली द्या. जेवणांबरोबर पाबाच्या (पॅरा-अमिनोबेन्झोइक आम्ल, जे जवळजवळ सगळं लघवीत उतरतं) ८० मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या. लघवीत ८५ टक्क्यांहून कमी पाबा परत मिळाला तर संकलन अपुरं. खाल्लेल्या नायट्रोजनपैकी (तो प्रथिनांतून येतो) सुमारे ८० टक्के लघवीत येतो. म्हणजे लघवीत ८ ग्रॅम, तर आहारात १०, गुणिले ६.२५, प्रथिनं ६२.५ ग्रॅम. एका दिवसावरून एकट्याला खोटं ठरवू नका, गटाची सरासरी पाहा.

उष्मांकांसाठी गोल्डबर्गची मर्यादा (सांगितलेले उष्मांक विश्रांतीत शरीराला लागणाऱ्या उष्मांकांच्या निदान किती पट हवेत, ती हद्द), पण ती दिवस नि माणसं यांच्या संख्येनुसार काढा, तयार आकडा उचलू नका. शीतपेटी, न पुसणारी शाई, बाटलीवर नावाऐवजी क्रमांक, काट्यांसाठी झाकणाचे डबे.